पडद्यावरच्या रेणूचा रंग

आमच्या रसायनशास्त्र विभागात एसी एकाच खोलीला होता आणि त्या खोलीत मी बसायचे. धुळ्याच्या मे महिन्यात एवढं सुख कुणाच्याही डोळ्यांत खुपणारच. खरं म्हणजे तो एसी माझ्यासाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता. कॉम्प्युटर तापला की बंद पडायचा आणि मग वरपर्यंत तक्रार जायची. आम्ही माणसं तापलो तर कुणाला त्याचं काही नव्हतं. येणारा-जाणारा दार उघडायचा, मिनिटभर उभा राहून शर्टाची कॉलर मोकळी करायचा आणि जाताना म्हणायचा, "मजा आहे बुवा तुमची!" मी हसायचे. रागावर हसू पांघरता येतं हे मी त्याच खोलीत शिकले.

मजा कसली? मला तिथे बसवलं होतं, आणि तेही नाइलाजाने.

जळगावात अब्बांचं गाद्यांचं दुकान आहे. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, टाके घालायचे, हेच आमच्या घराण्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. मी लहान असताना पिंजण्याचं मशीन घराला लागूनच होतं. ते सुरू झालं की अंगणात तंतूंचं धुकं व्हायचं आणि माझ्या छातीत शिट्टी वाजायला लागायची. कारण लक्षात आल्यावर अब्बांनी मशीन उचलून बाजारामागच्या गाळ्यात नेलं. रोजची तंगडतोड वाढली, गिऱ्हाइकं कुरकुरली, पण त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. शिट्टी कमी झाली. गेली मात्र नाही, नुसती दबा धरून बसली होती.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी लॅबमधल्या वाफांनी तिला परत उठवलं. एका दुपारी मी बीकर हातात धरूनच खाली बसले. शुद्ध होती, हवा नव्हती. डॉक्टरांनी तपासलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "लॅब तरी सोड, नाहीतर छाती तरी." जणू दोन्ही माझ्या पर्समध्येच होत्या आणि त्यातली एक काढून टेबलावर ठेवायची होती.

मी रडले. खूप रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही. लॅबमध्ये मला काय आवडायचं ते सांगते. पाण्यासारखी दोन द्रव्यं एकत्र येतात, फ्लास्क फिरत राहतो, आणि मग कुठूनसा रंग चढायला लागतो. तो रंग पहिल्यांदा बघणारे आपणच असतो. त्या क्षणासाठी मी रसायनशास्त्र घेतलं होतं. नोकरीबिकरी हे मी घरच्यांना सांगायचं कारण.

मला शिकवणाऱ्या सरांनी मार्ग काढला. म्हणाले, "लॅबच्या आत जायचं नाही ना? मग लॅबच्या आधीचं काम कर. कुठला रेणू बनवण्यात अर्थ आहे आणि कुठल्यात नाही, ते कॉम्प्युटरवर आधीच चाळून काढता येतं. तू निवड, बनवणारा दुसरा कुणी बनवेल." समितीने मान्यता दिली, पण एका अटीवर. नुसत्या चित्रांवर पदवी मिळणार नाही. मी निवडलेल्यांपैकी एक तरी रेणू प्रत्यक्ष चाचणीत उतरला पाहिजे. संक्रांतीनंतरच्या बैठकीपर्यंत तसं झालं नाही तर प्रबंध बंद, आणि मी जळगावला परत. परत जाण्यात वाईट काहीच नव्हतं. पण मला रसायनशास्त्रज्ञ म्हणून जगायचं होतं, आणि दाराबाहेर उभं राहून तसं होता येतं की नाही ते मला ठाऊक नव्हतं.

काम काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचा राग-रुसवा कळायचा नाही. केळीच्या पानांवर करपा पडतो. तो एका बुरशीमुळे. फैजपूरकडच्या मळ्यांतून आणलेल्या पानांवरची बुरशी आमच्याकडे वाढवलेली होती. त्या बुरशीला जगायला एक प्रथिन लागतं आणि त्या प्रथिनात एक खोबण असते. त्या खोबणीत बाहेरचा एखादा रेणू जाऊन घट्ट बसला की प्रथिनाचं काम थांबतं आणि बुरशीचंही. माझं सॉफ्टवेअर त्या खोबणीत एकेक रेणू बसवून बघायचं. चप्पल पायात घालून बघतात तसंच. नुसतं माप जुळून चालत नाही. अंगठ्यापाशी टोचली तर परत रॅकवर. हजारो रेणू असे परत रॅकवर जायचे, आणि ते बनवायला लागणारी रसायनं, महिने आणि माणसाची कंबर वाचायची.

प्रत्येक रेणूला सॉफ्टवेअर गुण देतं आणि ते गुण उणे असतात. जितके जास्त उणे, तितकी पकड घट्ट. एकदा घरी लॅपटॉपवर हे अब्बांना दाखवलं तर ते म्हणाले, "माइनस नौ? बेटा, इतने कम तो मुझे भी कभी नहीं मिले." मग पडद्यावर गोल फिरणाऱ्या त्या रंगीत काड्यांकडे ते बराच वेळ बघत राहिले. लाल, निळ्या, करड्या काड्या.

"ये रंग असली है?"

"नाही अब्बा. ऑक्सिजन लाल दाखवायचा, नायट्रोजन निळा, असं ठरलेलं आहे."

"फिर असली रंग?"

"ते बनवल्यावरच कळतं. सॉफ्टवेअर नाही सांगत."

"इतना सब बताता है, और रंग नहीं बताता," अब्बा म्हणाले आणि चहा प्यायला लागले. मला ते लागलं. कारण माझ्या हातून गेलेली गोष्ट नेमकी तीच होती.

बनवणारा माणूस म्हणजे आमचा भाऊ. सख्खा नव्हे. माझ्याआधी दोन वर्षं पीएचडीला लागलेला, धुळे तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शेतकरी घरचा. सगळा विभाग त्याला भाऊ म्हणायचा, म्हणून मीही. तो मला ताई म्हणायचा, वयाने मोठा असूनही. हातगुणाला त्याच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्ये चिकट काळं डांबर व्हायचं, त्याच्या फ्लास्कमध्ये स्फटिक. आणि त्याचा कॉम्प्युटरवर काडीचा विश्वास नव्हता. सरांसमोर तो शुद्ध बोलायचा. दार लोटलं की घरची भाषा.

"पानीमा म्हैस शे, आन् हाई वर मोल करी ऱ्हायनी!" माझ्या पडद्याकडे बोट दाखवून तो सगळ्यांना सांगायचा.

म्हैस पाण्यातच आहे, बाहेर तू काढ, असं मी म्हणायचे. तरीही तीन रेणू बनवायला तो तयार झाला. कुरकुरत तयार झाला, पण झाला. स्वतःचं काम बाजूला ठेवून दुसऱ्याचं पोर सांभाळायला कोण तयार होतं हल्ली?

तिन्हींपैकी दोन रेणू साधे होते, त्यांच्याकडून मला फार आशा नव्हती. तिसऱ्यावर माझा जीव होता. त्याला एक लांब हात होता. तो हात खोबणीच्या थेट तळाशी पोचून तिथल्या एका अणूला धरायचा. पडद्यावर मी ते इतक्या वेळा पाहिलं होतं की डोळे मिटले तरी तो हात दिसायचा.

आता आमच्या लॅबची एक रीत सांगते. मे महिन्यात दुपारी वीज गेली की लॅब थांबते असं पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटेल. आमच्याकडे थांबत नाही. फ्लास्कला बूच लावायचं आणि तो गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवून द्यायचा. अधूनमधून जाऊन हलवायचा. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी हेच केलं होतं आणि याचा आम्हाला अभिमान होता. बाहेरून पाहुणे आले की त्यांना मुद्दाम कठडा दाखवायचा. "तुमच्याकडे रात्रभर लागतं ना? आमच्याकडे जेवण होईस्तोवर काम फत्ते!" आमची रसायनं खानदेशी, उन्हाला डरत नाहीत, असं भाऊ म्हणायचा. आणि खरंच, बहुतेक रसायनं डरायची नाहीत.

तिसऱ्या रेणूची शेवटची पायरी अशीच कठड्यावर झाली. मी कृती लिहून दिली होती, तीत तापमानाबद्दल वेगळं काही लिहिलं नव्हतं. कशाला लिहीन? मी बसले होते चोवीस अंशांत, अंगावर ओढणी गुंडाळून.

संध्याकाळी लॅबच्या दाराच्या काचेवर टकटक झाली. मी आत जाऊ शकत नव्हते, म्हणून दाखवायचं ते सगळं भाऊ त्या काचेला लावून दाखवायचा. छोटी बाटली त्याने काचेला टेकवली. तोंडभर हसत होता.

"देख ताई, दूधसारखी पांढरी शे!"

पांढरी भुकटी म्हणजे शुद्ध माल, असं आमच्यात सगळे मानतात. पिवळट दिसलं की काहीतरी जळलं, मळ राहिला, पुन्हा धुवा. त्यामुळे मीही काचेच्या अलीकडून टाळ्या वाजवल्या. नमुना रेणूचं वजन तपासायला पुण्याला गेला आणि वजन तंतोतंत बरोबर आलं. त्याहून मोठी एक तपासणी होती, आत अणू कसे जोडलेत ते दाखवणारी, पण तिचा नंबर लागायला वेळ होता. आम्ही थांबलो नाही. काचेच्या तीन ताटल्यांत बुरशी घेऊन तिन्ही रेणूंची चाचणी लावून दिली.

ही बुरशी वाढते हळू. रोज जाऊन बघायची सोय नसते. जेव्हा बघितलं तेव्हा तिन्ही ताटल्यांत ती आरामात पसरलेली होती. माझ्या लाडक्या रेणूच्या ताटलीत तर जरा जास्तच, आपल्याच घरी पाहुणचार चालल्यासारखी.

भाऊ काही लागेल असं बोलला नाही. म्हैस नाही काढली, मोल नाही काढलं. नुसता म्हणाला, "व्हस आसं, ताई." त्याने हिणवलं असतं तर मी भांडले असते. ती दया मला सहन झाली नाही. एसीच्या खोलीत जाऊन मी दार लावलं आणि पडदा काळा केला.

त्या रविवारी जळगावला गेले. अब्बांना बातमी फोनवरच कळली होती. ते मला काही विचारत नव्हते, म्हणजे मुद्दाम विचारत नव्हते. एक जुनी गादी उसवून ते कापूस मोकळा करत बसले होते आणि मी दूर, वाऱ्याच्या बाजूला. बऱ्याच वेळाने, काहीतरी बोलायचं म्हणून, त्यांनी विचारलं, "वो रंग कौन सा निकला आख़िर?"

"पांढरा," मी म्हणाले. आणि लगेच स्वतःलाच विचारलं.

पांढरा कसा?

माझ्या रेणूच्या त्या लांब हातात एकआड एक दुहेरी बंध होते. असे बंध ओळीने आले की रेणू उजेडातला काही भाग खातो आणि रंगीत दिसतो. हे तर आम्ही बीएस्सीच्या पोरांना शिकवतो. फिकट का होईना, तो पिवळा असायलाच हवा होता. बाटलीत पांढरी भुकटी होती, म्हणजे त्या बाटलीत माझा रेणू नव्हताच. आणि तरीही वजन बरोबर आलं होतं. मग एकच शक्य होतं. हात स्वतःकडेच वळला, स्वतःच्याच अंगाला चिकटला आणि कडं झालं. अणू तेवढेच, वजन तेवढंच, पण खोबणीत पोचायला हातच शिल्लक नाही.

लॅपटॉप उघडून मी तिथेच हिशेब लावला. हात वळून चिकटायला किती ऊब लागते? फार नाही. गार खोलीत तो सरळ राहिला असता. मेमधल्या कठड्यावर त्याचं काही चालणार नव्हतं.

मी इतकी आनंदले की अब्बांच्या हातातला कापूस हिसकावून हवेत उडवला, आणि मग खोकत बसले. माझी निवड चुकली नव्हती. ती अजून तपासलीच गेली नव्हती!

दुसऱ्या दिवशी हे भाऊला सांगताना मी गोंधळ घातला. सांगायचं होतं की आपल्या दोघांचंही लक्ष गेलं नाही. पण माझ्या बोलण्यात आनंद जास्त आणि धीर कमी. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला.

"मंग मी चुकनू, आसंच ना?" तो म्हणाला. "एसीमा बसीसन सांगानं सोपं शे. ये कठडावर, उभी ऱ्हाय."

"मला येता येत असतं तर मीच बनवला नसता का?" मीही ओरडले.

तेवढ्यावर बोलणं खुंटलं. दाराच्या काचेवर टकटक बंद झाली. पाऊस आला, गेला, गणपती बसले, उठले, दिवाळीची सुट्टी लागली. समोरासमोर आलो तर तो मान हलवायचा, मीही हलवायचे. मोठ्या तपासणीचा निकाल आला आणि त्यात कडं दिसलं, अगदी मी म्हटलं होतं तसं. तो कागद त्याच्या टेबलावर नेऊन आपटावा असं एक मन म्हणत होतं. मी तो सरांकडे दिला आणि गप्प राहिले. ज्याच्या हातांचं सगळा विभाग कौतुक करतो त्याला 'तुझ्या हातून बिघडलं' हे एकदा ऐकवून झालं होतं, परत कशाला? पण संक्रांत जवळ येत होती, दुसरं कुणी बनवायला तयार नव्हतं, आणि माझं मन दररोज जळगावची बस पकडत होतं.

डिसेंबरात भाऊच्या शेतावर भरीत पार्टी असते. दर थंडीत सगळा विभाग जातो. मी जाणार नव्हते. एक तर आमचं बोलणं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे भरीत म्हटलं की धूर आला. आदल्या दिवशी तो एसीच्या खोलीच्या दारात आला. आत नाही आला.

"धुराची सोय केली आहे," तो शुद्ध मराठीत म्हणाला, म्हणजे अजून रुसलेला होता. "यायचं असलं तर या."

गेले. पाहते तर त्याने वांगी भाजायची जागा शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, वाऱ्याखाली नेलेली. दरवर्षी विहिरीजवळ जाळ पेटतो, सगळ्यांना जवळ पडतं म्हणून. या वर्षी त्याचे वडील, भाऊबंद, सगळे भाजलेली वांगी पाट्यांत घालून तेवढं अंतर ये-जा करत होते आणि कुणी कारण विचारलं तर तो म्हणायचा, तिकडे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या जास्त पडल्यात. मी जरा पुढे सरकले तर लांबूनच ओरडला, "तठे नको बसू, धूर लागी तुले! विहीरकडे बस!"

घरची भाषा परत आली होती. मला विहिरीच्या काठावर बसून एकदम भरून आलं.

थोड्या वेळाने तो वांग्यांची पाटी घेऊन माझ्याजवळच निवडायला बसला. मोठी, हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी. एकेक उचलायचा, तळहातावर तोलायचा, काही पाटीत आणि काही बाजूला. बाजूला टाकलेली मला तर अगदी छान दिसत होती.

"यांना काय झालं?"

"जड शेतस. जड वांगं म्हंजे बठ्ठ्या बियाच. भरीत कडू व्हस." त्याने आणखी एक बाजूला ठेवलं. "जाळवर टाकावर काय उपेग? पयलेच देखनं पडस."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो पुढचं वांगं तोलत होता. मग त्याचा हात थांबला.

"न भाजता कसं कळतं म्हणे?" मी विचारलं. "पाण्यात म्हैस आणि वर मोल?"

आधी तो हसला नाही. मग खांदे हलले, मग असा हसला की पाटी कलंडली. मीही हसले, खोकला येईस्तोवर. त्याच्या आईने लांबून विचारलं, काय झालं रे, आणि आम्हा दोघांनाही सांगता येईना.

भरीत लाकडी बडगीत कुटून झालं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या, सगळे जेवायला बसले. माझ्या ताटात वाढता वाढता तो सहज म्हणाला, "सकायले कठडावर दव पडस आते. हात दुखतस इतली थंडी शे." आणखी एक डाव वाढत म्हणाला, "फ्लास्क ठेवेल शे. तुन्हा."

मी सांगण्याच्या आधीच त्याने शेवटची पायरी परत लावलेली होती. त्याच कठड्यावर, पण पहाटेच्या गारठ्यात. आणि ऊन वर आलं की बर्फाच्या भांड्यात. बर्फ तो रसवंतीवाल्याकडून सायकलवर आणत होता. धुळ्याच्या थंडीत बर्फ विकत घेणारा हा कोण वेडा, म्हणून रसवंतीवाल्याने चौकशी केली होती.

काही दिवसांनी काचेवर टकटक झाली. भाऊने बाटली काचेला टेकवली. या वेळी हसत नव्हता, माझ्याच तोंडाकडे बघत होता.

"पिवयी शे," तो म्हणाला. काचेतून आवाज बारीक आला.

अब्बांना मात्र मी फोन केला नाही. रंग सांगितला असता तर त्यांनी पुढचं विचारलं असतं, आणि पुढचं बुरशीच्या हातात होतं. एकदा टाळ्या वाजवून झाल्या होत्या.

संक्रांतीनंतर समितीसमोर ताटल्या मांडल्या. माझ्या रेणूभोवती एक स्वच्छ गोल होता. बुरशी त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबली होती. फार मोठा गोल नव्हता. पण होता, आणि सगळ्या ताटल्यांत होता. समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "मे महिन्यात हाच रेणू फेल होता. आता पास. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं, मी तोंड उघडलंही. पण बनवणारा म्हणून बोलावलेला भाऊ माझ्याआधी उठला. घामाघूम झाला होता, जानेवारीत.

"सर, मे महिन्यात मी जे दिलं ते हिने निवडलेलं नव्हतंच. मी उन्हात ठेवलं आणि ते बिघडलं. पांढरं दिसलं म्हणून शुद्ध समजलो. हिने रंगावरून ओळखलं. लॅबमध्ये पाय न ठेवता." मग खाली बसता बसता म्हणाला, "निवड हिची आहे. मी फक्त बनवलं."

पन्नास जणांच्या विभागात ज्याच्या हातांची शपथ खावी असा माणूस, परीक्षकांसमोर हे बोलला. मी उठून म्हटलं की कृतीत तापमान मीच लिहिलं नव्हतं, एसीत बसून मला ते सुचलंच नव्हतं. सर म्हणाले, बरं बरं, आता दोघं मिळून अपराध वाटून घ्या बाहेर जाऊन. मान्यता मिळाली.

त्या रेणूचं औषध झालं का, असं लोक विचारतात, म्हणून सांगून टाकते. नाही झालं. पानावर फवारला तर पाण्याने धुऊन जातो. त्याच्या जागी दुसरा निवडण्याचं काम मी अजून करते आहे, त्याच खोलीत. आणि कठड्यावर आता एक थर्मामीटर टांगलेला आहे. तो भाऊने टांगला.

बैठक संपल्यावर भाऊ मला गॅलरीत घेऊन आला. मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या बाजूला उभं केलं आणि ती बाटली काचेशिवाय माझ्या हातात दिली. चिमूटभर भुकटी. तिचा प्रत्येक कोन मला पाठ होता आणि मी तिला पहिल्यांदाच भेटत होते. उन्हात धरली. मग फोन लावला.

"अब्बा, रंग कळला."

"कौन सा?" मागे पिंजण्याच्या मशीनचा घरघराट होता.

"देशी कपाशीच्या फुलाचा. पहिल्या दिवशी उमलतं ना, तसा फिकट पिवळा. आणि अब्बा, मी पास झाले. मी राहतेय इथे."

"कुछ सुनाई नहीं दिया, ठहर," अब्बा म्हणाले. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, मग चपलांचा, मग मशीन हळूहळू थांबत गेलं. भर दुपारी, धंद्याच्या वेळी, गाळ्यात अगदी शांत झालं.

"अब बोल बेटा," ते म्हणाले. "शुरू से बोल."